आराखडा दिल्लीचा, विहीर आष्टीची
(वसंत व्याख्यानमालेत आष्टी, ता. परतूर, जि. जालना येथे दिलेले व्याख्यान)



आष्टी म्हटलं की बाहेरच्या माणसाला बीडची आष्टी आठवते, नाहीतर वर्ध्याची, हुतात्म्यांची. आपली ही परतूर तालुक्यातली आष्टी पेपरात येते ती बहुधा दोनच वेळा. पाऊस पडला नाही की, आणि नको तेवढा पडला की. मला आज बोलायचं आहे ते या दोन वेळांच्या मधल्या काळाबद्दल. ज्या काळात कुणी पुढारी पाहणीला येत नाही, पंचनामे होत नाहीत, त्या काळात ग्रामपंचायतीनं काय करावं आणि तिला ते करता का येत नाही, याबद्दल.

गेल्या काही वर्षांची नुसती उजळणी करा. २०१२-१३ चा दुष्काळ. जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. वीस-वीस वर्षं जपलेली झाडं लोकांनी सरपणासाठी तोडली. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट. २०१५ ला पुन्हा दुष्काळ, २०१८ ला पुन्हा. २०२३ ला पावसाळ्यात लांबलचक खंड. आणि २०२५ च्या सप्टेंबरात असा पाऊस, की मराठवाड्यात सोयाबीन पाण्याखाली गेलं आणि नदीकाठची जमीन खरवडून निघाली. उत्तरेला दुधना, दक्षिणेला गोदावरी, मधून पैठणचा डावा कालवा, असा हा तालुका. नकाशावर पाहणाऱ्याला वाटेल, यांना काय कमी?

सरकारनं काही केलंच नाही असं म्हणणं खोटं ठरेल. २००८ साली देशाचा हवामान बदलाचा कृती आराखडा आला, आठ राष्ट्रीय अभियानांचा. २०१४ मध्ये राज्यानं आपला आराखडा मंजूर केला. २०२० च्या गांधी जयंतीला पंचमहाभूतांच्या नावानं ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू झालं. आता देशाचा राष्ट्रीय अनुकूलन आराखडा हा शब्द ऐकू येतो. अनुकूलन म्हणजे सोप्या भाषेत, हवा बदलणारच आहे तर तिच्यात तग धरायची तयारी. दिल्लीत, मुंबईत यावर काम करणारी माणसं हुशार आहेत, प्रामाणिकही आहेत. अडचण एवढीच, की त्या आराखड्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट शेवटी कुठल्यातरी शिवारात, कुठल्यातरी नाल्यावर, कुठल्यातरी विहिरीपाशी करायची असते. आणि तिथं असते ती ग्रामपंचायत.

त्या ग्रामपंचायतीत आराखडा कसा होतो, ते मी पंचायत विभागात नोकरी केली म्हणून जवळून पाहिलं आहे. गाव सांगत नाही, कुठलंही घ्या. ‘आमचा गाव, आमचा विकास’ आराखड्याची मुदत जवळ आलेली. ग्रामसभा बोलावलेली. कोरम लागतो एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातलं जे कमी असेल ते. जमलेली असतात चाळीस. सभा तहकूब. तहकूब सभेला कोरमची अट नाही, म्हणून ती बिनबोभाट पार पडते. मग संगणक परिचालक पोरगा मागच्या वर्षीची यादी काढतो: सिमेंट रस्ता, गटार, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट दिवा. पोर्टलवर ‘जलसमृद्ध गाव’, ‘स्वच्छ व हरित गाव’ अशा संकल्पना आहेत, त्यांतली एक निवडावी लागते. गटारीचं काम ‘हरित’मध्ये बसतं. झालं अनुकूलन.

यात त्या पोराचा दोष नाही, सरपंचाचाही फारसा नाही. ज्याला आपल्या गावात किती पाणी पडतं, किती मुरतं आणि किती उपसलं जातं याचा आकडाच माहीत नाही, तो गटारीशिवाय दुसरं काय लिहिणार?

म्हणून आज एक हिशेब करू. आकडे गोल धरतो. समजा गावाचं शिवार १००० हेक्टर आहे आणि पाऊस ७०० मिलिमीटर. एक मिलिमीटर पाऊस एक हेक्टरवर पडला की १० घनमीटर पाणी होतं, म्हणजे १०,००० लिटर. तेव्हा शिवारात पडलं ७० लाख घनमीटर. आपला खडक काळा पाषाण, बेसॉल्ट. त्यात मुरतं ते साधारण शंभरात दहाच्या आतबाहेर. म्हणजे ७ लाख घनमीटर. आता गावची लोकसंख्या ३००० धरा. जलजीवन मिशनच्या निकषानं माणशी रोज ५५ लिटर. वर्षाचं होतं साधारण ६०,००० घनमीटर. आणि एक हेक्टर उसाला मोकाट पाणी दिलं तर वर्षाला सुमारे २०,००० घनमीटर लागतं. म्हणजे सगळ्या गावाचं वर्षभराचं पिण्याचं पाणी बरोबर तीन हेक्टर उसाचं. साडेसात एकर. आणि शिवारात मुरलेलं सगळंच्या सगळं पाणी पस्तीस हेक्टर ऊस पिऊन टाकतो.

ऊस लावू नका असं मी सांगायला आलेलो नाही. कालव्याचं पाणी असेल तर हिशेब वेगळा होतो, ठिबक असेल तर आणखी वेगळा. पण हा हिशेब ग्रामसभेत फळ्यावर मांडला जायला हवा, आणि तो गावातल्याच कुणीतरी मांडायला हवा. हिवरे बाजारनं हेच केलं. दरवर्षी पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद, आणि त्यावरून रब्बीत काय पेरायचं ते ठरवायचं. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, हा नियम तिथं टिकला त्यामागं सरपंच पोपटराव पवारांचं वजन होतं हे खरं, पण आकडा सगळ्यांसमोर होता हेही तितकंच खरं. भूजल कायद्यानं ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना बंदी घातली आहे. तो कायदा किती बोअरवाल्यांनी पाळला ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

आपल्याच जिल्ह्यातलं कडवंची घ्या. १९९६ ते २००२ या काळात तिथं इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम झाला. खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र आणि विजयअण्णा बोराडे यांच्यासारखी माणसं त्यामागं होती. माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती, मग शेततळी, मग द्राक्षं. पुढच्या दुष्काळांत ते गाव तगलं, म्हणून बसगाड्या भरून लोक तिथं अभ्यास दौऱ्याला जातात. दौऱ्याहून परत येतात ते शेततळ्याचे फोटो घेऊन. मला मात्र कडवंचीत महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. एक संस्था त्या गावात वर्षानुवर्षं टिकून राहिली. आज आली, प्रशिक्षण दिलं, चहा-बिस्किटं झाली, सह्या घेतल्या आणि गेली, असं झालं नाही. ग्रामपंचायतीची क्षमता वाढवायची म्हणजे दोन दिवसांचं शिबिर, असं आपल्याकडं समीकरण झालं आहे. दोन दिवसांत फार तर शिबिराचं प्रमाणपत्र मिळतं.

शेततळ्याचा विषय निघालाच आहे तर थोडं अप्रिय बोलतो. पावसाचं वाहून जाणारं पाणी साठवायचं म्हणून शेततळं. पण प्लॅस्टिकचा कागद अंथरून, विहीर-बोअरचं पाणी उपसून हिवाळ्यात भरलेलं तळं म्हणजे सगळ्यांच्या जमिनीखालचं पाणी एकानं उन्हात आणून ठेवणं. त्यातलं काही वाफ होऊन जातं, उरलेलं त्याच्या बागेला. एका शेतकऱ्यापुरतं ते शहाणपण आहे, गावापुरतं तो तोटा. कागदावर मात्र दोन्ही तळ्यांची नोंद ‘हवामान अनुकूल’ अशीच होते. हा फरक दिल्लीला दिसणार नाही, मुंबईलाही नाही. बांधावर उभ्या असलेल्या माणसालाच तो दिसतो.

नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, आपण ज्याला पोकरा म्हणतो, त्यात ही दृष्टी होती. २०१८ पासून जागतिक बँकेच्या कर्जातून पाच हजारांवर गावांत तो चालला, जालना जिल्हा त्यात होता. प्रत्येक गावात ग्राम कृषी संजीवनी समिती, सरपंच तिचे अध्यक्ष. शिवारफेरी, नकाशे, आयआयटी मुंबईच्या मदतीनं बसवलेला पाण्याचा ताळेबंद. रचना चांगली होती. पण लोकांचा ओढा राहिला वैयक्तिक लाभाकडं: ठिबक, शेडनेट, तळं, अनुदान खात्यावर. स्वाभाविक आहे, घरात पैसा कुणाला नको? शिवाय गावात प्रकल्पाचं काम पाहणारा समूह सहाय्यक कंत्राटी. त्याचं कंत्राट संपलं की गावाच्या पाण्याचा हिशेब त्याच्या मोबाइलसोबत निघून गेला.

आणि गावात कायम असतात ती माणसं तरी कुणाची? ग्रामसेवक जिल्हा परिषदेचा, त्याच्याकडं दोन-तीन गावं. तलाठी महसूलचा. कृषी सहायक कृषी खात्याचा. यातला एकही सरपंचाला उत्तर द्यायला बांधील नाही. एकाच नाल्यावर १०० हेक्टरपर्यंत सिंचन करणारा बंधारा असेल तर जिल्हा परिषद, त्याहून मोठा असेल तर मृद व जलसंधारण विभाग, आणखी मोठा असेल तर जलसंपदा. ७३ वी घटनादुरुस्ती होऊन तीन दशकं उलटली. अकराव्या अनुसूचीतल्या २९ विषयांत लघुसिंचन आहे, जलव्यवस्थापन आहे, मृदसंधारण आहे. विषय दिले, माणसं दिली नाहीत. त्यात बहुतेक जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, प्रशासक आले आणि तो कारभार वर्षानुवर्षं लांबला. ज्या घरात कर्ता नाही त्या घरानं पुढच्या वीस वर्षांचा विचार करावा, अशी आपली अपेक्षा होती.

आता पैशाचं पाहा. शेजारच्या नेपाळनं २०१० मध्ये ठरवलं, की अनुकूलनाच्या पैशातला किमान ८० टक्के वाटा स्थानिक पातळीवर खर्च व्हावा, आणि २०११ मध्ये स्थानिक अनुकूलन आराखड्यांची चौकट केली. केरळनं १९९६ च्या लोकनियोजन मोहिमेत योजना निधीचा ३५ ते ४० टक्के हिस्सा पंचायतींकडं वळवला. आपल्याकडं पैसा अगदीच नाही असं नाही. पंधराव्या वित्त आयोगाचा ६० टक्के निधी बंधित होता, निम्मा पाण्यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. पावसाचं पाणी साठवणं, मुरवणं त्यात बसत होतं. किती गावांनी त्यातून पुनर्भरण केलं आणि किती ठिकाणी टाकीला नवा रंग दिला, हे ज्यानं त्यानं आपल्या गावात जाऊन पाहावं.

दुष्काळ-अतिवृष्टी मोजायचं एकक चुकलं की काय होतं तेही सांगतो. २०२३ मध्ये सरकारनं आधी ४० तालुके दुष्काळी जाहीर केले. ओरड झाली, मग महसूल मंडळांवर यावं लागलं आणि हजाराच्या आसपास मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर झाली. पण मंडळ तरी केवढं! आष्टी मंडळाचं पर्जन्यमापक एका जागी, गावं चहूकडं. २४ तासांत ६५ मिलिमीटर पडला तर अतिवृष्टी. यंत्रापाशी ६४ पडला आणि तुमच्या शिवारात ९०, तर तुमची अतिवृष्टी कागदावर झालीच नाही. पाऊस मंडळाची हद्द पाहून पडत नाही हे तुम्हाला कुणी सांगायला नको.

म्हणून माझं मागणं लहान आहे. येत्या १ मे रोजी ग्रामसभा आहे. सभेची नोटीस सात दिवस आधी निघते, तेव्हा ती निघण्याआधी ग्रामपंचायतीला लेखी विषय द्या: शाळेच्या आवारात गावाचा स्वतःचा पर्जन्यमापक, आणि पाच विहिरींच्या पाणीपातळीची नोंदवही. भूजल सर्वेक्षणवाले त्यांच्या निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत मोजतात. आपणही त्याच महिन्यांत मोजू, म्हणजे आकडे ताडून पाहता येतील. जलसुरक्षक आहे, शाळेची पोरं आहेत, टेप आणि दोरी आहे. वही ग्रामपंचायतीत राहील, कुणाच्या मोबाइलमध्ये नाही. आणि ऑक्टोबरची नोंद झाली की रब्बीच्या आधी ती ग्रामसभेत मोठ्यानं वाचून दाखवायची, असा ठराव त्याच दिवशी घ्या. फक्त त्या सभेला शंभर माणसं या. तहकूब सभेत हा विषय घेऊ नका.