नदीची वहिवाट



जमिनीच्या कज्ज्यांत ‘वहिवाट’ हा शब्द आपण पुष्कळदां ऐकतों. कागदावर नांव कोणाचेंही असो. त्या वाटेनें आजवर कोण जात आलें, हें आधीं पाहिलें जातें. आज मी कृष्णामाईच्या वहिवाटीविषयीं बोलणार आहें. मी सांगलीचा राहणारा, शाळेंत गणित शिकवून निवृत्त झालेला मनुष्य. आणि या कज्ज्यांत नदीविरुद्ध अर्ज लिहिणारा मीच होतों, हें आरंभींच कबूल केलेलें बरें.

१९९४ सालीं मीं गांवाच्या कडेला एक प्लॉट घेतला. मास्तराच्या पगारांत बसणारा तेवढाच होता. जमीन काळी व कांहींशी खोलगट, आणि शेजारून एक ओत गेलेला. आमच्याकडे ओत म्हणतात तो नैसर्गिक सखल पट्टा; पावसाचें पाणी त्यांतून नदीकडे जातें, आणि नदी फुगली म्हणजे त्याच वाटेनें ती गांवांत येते. प्लॉट पाडणारानें तो ओत मुरुमानें बुजवून त्यावर रस्ता आंखला होता. पलीकडच्या मळ्यांतले एक वृद्ध शेतकरी मला म्हणाले, “गुर्जी, आमी ह्या पट्टीत कडब्याची गंजीसुदीक कधी लावली न्हाई.” मीं हंसून सांगितलें कीं, आतां वर कोयनेचें धरण आहे. हें उत्तर मला त्या वेळीं फार शास्त्रीय वाटलें होतें.

२००५ सालच्या पुरांत पाणी उंबरठा ओलांडून घरांत आलें. त्यानंतर आमच्या भागांत पूररेषांची चर्चा सुरू झाली. या रेषा दोन. पंचवीस वर्षांतून सरासरीनें एकदां येणारा पूर जेथवर पोंचतो तेथें निळी. शंभर वर्षांतून एकदां येणारा जेथवर पोंचतो तेथें तांबडी. नदीकांठ व निळी रेषा यांमधील जमिनींत नवें घर बांधावयाचें नाहीं. बाग, मोकळें मैदान, ओट्यांचा उघडा भाजीबाजार, स्मशान असे उपयोग तेथें चालतात. निळ्या व तांबड्या रेषांमधील पट्ट्यांत बांधकामास परवानगी मिळूं शकते, परंतु तें तांबड्या रेषेच्या पातळीहून ०.४५ मीटर, म्हणजे सुमारें दीड फूट, उंच हवें. राज्याच्या २०२० सालच्या विकास नियमावलींत हें लिहिलेलें आहे.

आमच्या वसाहतीवर रेषा येणार असें कळतांच आम्हीं शिष्टमंडळ नेलें. रेषेंत सांपडलेल्या घराला गिऱ्हाईक मिळत नाहीं, आणि मला तर मुलीच्या लग्नासाठीं त्याच घरावर कर्ज काढावयाचें होतें. माझें अक्षर बरें, म्हणून अर्ज मीं लिहिला. ‘शंभर वर्षांचा पूर नुकताच येऊन गेला, सबब आतां दोन पिढ्या चिंता नाहीं, रेषा मागें घ्यावी,’ असा त्यांत युक्तिवाद होता. ही चूक सातवींतल्या मुलानें केली असती तर मीं त्याला बाकावर उभें केलें असतें.

फांशाला आधींचा डाव आठवत नाहीं. शंभर वर्षांचा पूर म्हणजे दर वर्षीं शंभरांत एक एवढा संभव. काल पूर येऊन गेला म्हणून तो कमी होत नाहीं. एकाच घरांत ३० वर्षें राहणाऱ्या कुटुंबाला असा पूर एकदां तरी गांठण्याचा संभव शंभरांत २६ आहे. घर निळ्या रेषेवरच असेल, तर तिच्या पुराचा संभव शंभरांत सुमारें ७१ येतो. ज्यांना शंका असेल त्यांनीं ०.९९ हा आंकडा ३० वेळां घेऊन गुणाकार करावा आणि उत्तर एकांतून वजा करावें. दुसऱ्या हिशेबासाठीं ०.९६ घ्यावा.

ऑगस्ट २०१९ मध्यें आयर्विन पुलापाशीं पाणी ५७ फुटांवर गेलें. तेथें धोक्याची पातळी ४५ फूट आहे. आमच्या घरांत छातीइतकें पाणी होतें. आम्हांला गच्चीवरून नावेंत उतरविलें. घरांतलें काय काय गेलें त्याची यादी सांगत नाहीं. मला लागून राहिलेली गोष्ट निराळीच आहे. २००५ च्या अनुभवानें शहाणा होऊन मीं अंगणांत दोन फूट भराव घातला होता, भोंवतीं पक्की भिंत बांधली होती. शेजाऱ्यांनींही तेंच केलें. पूर ओसरूं लागला तेव्हां आमच्या मागच्या चाळींतलें पाणी परत जाण्यास वाटच उरली नव्हती. नदी पात्रांत गेली तरी तीं माणसें गुडघाभर घाणींतच उभीं होतीं. त्यांतली एक बाई आमच्याकडे धुणें-भांडीं करीत असे. ती मला एक शब्दही बोलली नाहीं.

म्हणून मी म्हणतों कीं, हा नियम केवळ घरमालकाच्या रक्षणाचा नाहीं. ज्याला वाटेल त्यानें बुडावें, सरकारास काय त्याचें, असें म्हणतां येत नाहीं. कारण माझा भराव शेजाऱ्याच्या दाराशीं पाणी कोंडतो. खांबांवर उचललेल्या घराखालून पाणी वाहूं शकतें. भरावावर उचललेलें घर पाण्याची जागा खातें. पातळी दोहोंची सारखी भरेल, परिणाम सारखा नव्हे. परवानगी देतांना मुरुमाच्या गाड्याही मोजल्या पाहिजेत, असें माझें मत आहे.

पूरक्षेत्रांतील जमिनीच्या उपयोगाविषयीं केंद्रानें १९७५ सालींच एका नमुनेदार विधेयकाचा मसुदा राज्यांकडे धाडला होता. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनेंही पूरक्षेत्रांतील अतिक्रमणांकडे लक्ष वेधलें. तेव्हां ज्ञानाची उणीव नव्हती. अडचण आहे ती वेळेची. प्लॉट पडण्यापूर्वीं रेषा आंखली तर पुरांत एका हंगामाचें पीक जातें. घरें उठल्यावर आंखली तर प्रत्येक घरधनी अर्जदार होतो, आणि अर्ज लिहून देणारा एखादा मास्तर मिळतोच.

मात्र ज्या शेतकऱ्याची जमीन निळ्या रेषेच्या आंत राहते, त्याचें म्हणणें मला खोटें म्हणवत नाहीं. पलीकडचा शेजारी प्लॉट विकून श्रीमंत झाला. यानें ऊंसच लावीत बसावें काय? त्याच्या मोकळ्या रानांत पाणी पसरतें म्हणून गांव थोडें कोरडें राहतें. मग गांवानें त्याला वर्षासनाप्रमाणें कांहीं द्यावें, हें मला न्यायाचें वाटतें. नुसती रेषा ओढून मोकळें झालेल्या कचेरीची रेषा फार दिवस टिकत नाहीं.

आमच्या सांगलींत प्रत्येक गल्लीचा एक आंकडा असतो. आयर्विन पुलाशीं इतके फूट झाले कीं अमक्या बोळांत पाणी, हें पोरासोरांनाही पाठ असतें. घर घेणारानें नकाशावरची रेषा पाहावीच, पण हा आंकडाही विचारावा. आमच्या अंगणाचा ५० आहे. जुलै २०२१ मध्यें पाणी पुन्हां घरांत आलें, तेव्हांपासून घर विकावयास काढलें आहे. मागल्या महिन्यांत एक तरुण जोडपें पाहावयास आलें. घर त्यांना आवडलें, किंमतही जवळजवळ ठरली. जातांना त्या मुलीनें विचारलें, “काका, इकडे पाणी येतं का हो?” मीं आंकडा सांगितला. तीं आभार मानून गेलीं, तीं परत आलीं नाहींत. आणि आमच्या मंडळींनीं दोन दिवस माझ्याशीं अबोला धरला.