टॅबवर नाव कोणाचे?



आज आम्ही तुम्हाला आमचीच एक फजिती सांगणार आहोत. आमची झाली ती झाली. तुमची होऊ नये, एवढ्यासाठी ऐका.

टॅबलेट तुम्ही पाहिला असेल. औषधाची गोळी नव्हे, बरं का! पाटीएवढा मोठा मोबाईलच तो. पोरे त्यावर धडे ऐकतात, चित्रे पाहतात. गावात त्याला नुसते टॅब म्हणतात.

आमच्या साक्षरता वर्गाला एक मावशी येतात. त्यांची नात दहावीत गेली. तिला अभ्यासाला टॅब हवा होता. नवा घेण्याची ऐपत नव्हती. मावशींनी खुरपणीच्या मजुरीतून ३,५०० रुपये गाठीला बांधले. मग आम्हाला म्हणाल्या, "गुरुजी, तालुक्याला जुना टॅब मिळतो म्हणं. तुम्हाला त्यातलं कळतं. बरोबर चला."

आम्ही दोघे शिक्षक मावशींबरोबर गेलो. दुकानदाराने एक टॅब दाखवला. काच फुटलेली नव्हती. चार्जिंग होत होते. टॅब 'भाषा निवडा' असे विचारत होता. दुकानदार म्हणाला, "आतलं सगळं पुसून कोरा केलाय. घरी न्या, इंटरनेट जोडा. झालं काम." आम्ही मान डोलावली. मावशींनी पैसे मोजून दिले. पावती मागायचे आमच्या ध्यानातही आले नाही.

घरी नात वाट पाहत होती. आम्ही इंटरनेट जोडले. भाषा मराठी निवडली. आणि गाडी अडली! पडद्यावर मजकूर आला. त्याचा अर्थ असा : 'या टॅबवर आधी जे खाते होते, त्याचे नाव आणि पासवर्ड द्या.' आम्ही आमचे नाव घातले. टॅब ऐकेना. बंद करून चालू केला. बाजूची बटणे दाबून पुन्हा पुसला. पुन्हा तोच प्रश्न.

नात काही बोलली नाही. उठली आणि भांडी घासायला गेली. मावशी म्हणाल्या, "गुरुजी, पैसे बुडाले का?" आम्हाला उत्तर सुचेना.

असे का झाले? नीट समजून घेऊ.

खाते म्हणजे इथे बँकेचे खाते नव्हे. टॅब चालू करताना माणूस त्यात आपले नाव आणि पासवर्ड घालतो. पासवर्ड म्हणजे गुप्त खूण. ते नाव कंपनीच्या दप्तरात लागते. समजा, तुम्ही जमीन घेतली. पैसे दिले. पण सातबाऱ्यावर नाव जुन्याच मालकाचे राहिले. मग ती जमीन दप्तरी तुमच्या नावावर झाली का? नाही ना? टॅबचेही तसेच आहे. आतली चित्रे पुसली, म्हणजे दप्तरातले नाव पुसले असे नव्हे.

हे कुलूप मुद्दाम केलेले आहे. आयपॅडला ते २०१३ सालापासून आले. अँड्रॉइडच्या टॅबला २०१५ सालापासून येऊ लागले. कारण काय? चोर टॅब पळवायचा, पुसायचा आणि विकायचा. आता पुसला तरी तो चालत नाही. चोराचा माल चोराच्या गळ्यात राहतो. म्हणजे कुलूप वाईट नाही. उद्या तुमचा टॅब चोरीला गेला, तर तेच कुलूप तुमच्या कामी येईल.

आता पुढे काय झाले ते ऐका.

दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "त्यात काय! ५०० रुपये द्या. कुलूप तोडणारा पोरगा आहे आपल्याकडं." आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. खरे सांगतो, आमचे मन डळमळले. तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "दादा, कुलूप तोडायचं कशाला? ज्याचं कुलूप, त्यालाच का बोलवत नाही? का माल चोरीचा आहे?"

मावशींचा प्रश्न साधा होता. पण दुकानदार वरमला. त्याने वही काढली. टॅब विकणाऱ्याचा नंबर तीत होता. त्याने फोन लावला. विकणारा कॉलेजात शिकणारा मुलगा निघाला. तो म्हणाला, "टॅब माझाच होता. धाकट्या भावानं बटणं दाबून पुसला. माझं नाव आत राहिलं, हे मला ठाऊकच नव्हतं."

तो फोनवरच पासवर्ड सांगू लागला. आम्ही म्हणालो, "बाळ, पासवर्ड कोणाला सांगू नये. तूच ये आणि तुझ्या हातानं घाल."

मुलगा संध्याकाळी आला. त्याने आपले नाव आणि पासवर्ड घातला. टॅब उघडला. बघता बघता त्याची पत्रे दिसू लागली. मावशींनी मान वळवली. म्हणाल्या, "दुसऱ्याची चिठ्ठी वाचू नये, बाबा. तुझं तू काढून घे." आम्हीही मान वळवली. त्या मुलाचे खाजगी सगळे त्याच्या पासवर्डामागे होते. पासवर्ड फोनवर ऐकून घेतला असता, तर ते आमच्या हाती आले असते!

मुलाने सेटिंगमध्ये जाऊन आपले खाते काढले. मग सेटिंगमधूनच टॅब पुसला. या वेळी टॅबने जुने नाव विचारले नाही. मावशींनी पावती लिहून घेतली. त्यांना आता अक्षर कळते. त्यांनी ती वाचून पाहिली आणि मगच घडी घातली.

आमचे नशीब म्हणून मालक सापडला. दर वेळी सापडेलच असे नाही. म्हणून पैसे देण्याआधी एवढे करा :

१. दुकानातच इंटरनेट जोडायला लावा. टॅब पूर्ण सुरू होऊन घरचा पडदा दिसला पाहिजे. नुसता 'भाषा निवडा' पाहून भुलू नका. आम्ही तिथेच फसलो.

२. सेटिंग उघडा. तिथे दातेरी चाकाचे चित्र असते. 'खाती' या सदरात दुसऱ्याचे नाव दिसले, तर ते त्याच्याच हाताने काढून घ्या.

३. टॅब सिमकार्डाचा असेल, तर त्याला १५ आकडी नंबर असतो. त्याला आयएमईआय म्हणतात. तो खोक्यावर आणि सेटिंगमध्ये मिळतो. 'केवायएम' ही तीन इंग्रजी अक्षरे लिहा, जागा सोडा, पुढे तो नंबर लिहा. हा संदेश १४४२२ वर पाठवा. नंबर काळ्या यादीत आहे असे उत्तर आले, तर टॅब घेऊ नका.

४. पावती घ्या. तीत विकणाऱ्याचे नाव, तारीख, रक्कम आणि टॅबचा नंबर असावा.

आणि टॅब आधीच घेतला असेल तर? विकणाऱ्याला गाठा. मालकाला बोलवा. आयपॅड असेल, तर मालकाला दूरगावी बसूनही इंटरनेटवरून आपले नाव काढता येते. मालक कोण हेच विकणारा सांगत नसेल, तर पैसे परत मागा. माल चोरीचा वाटला, तर पोलीस ठाण्यात जाऊन सांगा. चोरीचा माल आहे हे कळत असून तो लबाडीने घेणे किंवा ठेवणे हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे त्याला ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आता शेवटची गोष्ट. आज आपण घेणारे आहोत. उद्या विकणारेही होऊ. विकताना आधी आपले फोटो काढून ठेवा. मग सेटिंगमधून आपले खाते काढा. मग तिथूनच टॅब पुसा. हे सारे घेणाऱ्याच्या समोर करा. तो मुलगा लबाड नव्हता. पण त्याच्या एका विसराने एका मजूर बाईची झोप उडाली.

बैल घेताना आपण दात बघतो. चालवून बघतो. मग टॅब घेताना नाव का बघू नये? आता आपल्याला वाचता येते. पडद्यावर नाव कोणाचे, ते आपण आपल्या डोळ्यांनी वाचू.

मावशींची नात आता रोज संध्याकाळी टॅबवर गणिते सोडवते. तिच्या शेजारी मावशी आपले पुस्तक घेऊन बसतात. दोघींचा अभ्यास चालू आहे.

राम राम.