संकोच आणि आरोग्य
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



मी वैद्य नव्हे. निवृत्त शाळामास्तर आहे. तरीही ज्या विषयावर आपल्या घरांत मौन पाळले जाते, त्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा मागतो. २०२२ साली या रोगाने भारतात सुमारे ८० हजार स्त्रिया दगावल्या, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे.

ह्यूमन पॅपिलोमा नावाचा विषाणू शरीरात दीर्घकाळ टिकून राहिल्यास हा रोग उद्भवतो. त्यास बहुधा अनेक वर्षे लागतात. म्हणूनच वेळीच तपासणी केल्यास तो अंकुरातच खुडता येतो. याचा पुरावा आपल्याच महाराष्ट्रात मिळाला. १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वर्षे वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. ज्या गटाला या विषाणूची तपासणी केवळ एकदा देऊ केली होती, त्यातील मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या मानाने जवळजवळ निम्मे ठरले, असे २००९ साली प्रसिद्ध झाले.

मग अडते कोठे? पुष्कळदा संकोचापाशी! परंतु आता त्यावरही उपाय निघाला आहे. स्त्रीने घरच्या एकांतात लहानसा मऊ ब्रश योनिमार्गात घालून, सूचनेप्रमाणे फिरवून नळीत ठेवावा व ती नळी प्रयोगशाळेकडे द्यावी. जागतिक आरोग्य संघटनेने ही रीत ग्राह्य मानली असून, ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२२ पासून तपासणीस पात्र अशा सर्व स्त्रियांना ती खुली आहे.

तथापि विषाणू आढळला म्हणजे कर्करोग झाला, असे नव्हे. बहुतेकींच्या शरीरातून तो आपोआप नाहीसा होतो. मात्र पुढील तपासणी चुकवू नये. अवेळी रक्तस्राव होत असल्यास तर थेट डॉक्टरांकडेच जावे. आणि पुरुषवर्गास माझे कळकळीचे सांगणे असे की, अहवालावरून कोणाच्या शीलाविषयी शंका घेऊ नये. हा विषाणू अत्यंत सर्वसामान्य आहे; तो पतीकडूनही येतो आणि वर्षानुवर्षे निमूटपणे वास करू शकतो.

माझी मंडळास नम्र सूचना आहे : ३० वर्षांवरील भगिनींसाठी महिला शाखेने स्त्री-डॉक्टरांच्या सल्ल्याने अशा तपासणीची व्यवस्था करावी, अहवाल जिचा तिच्याच हाती द्यावा आणि गरजू भगिनीच्या पुढील उपचारांस निधीतून साहाय्य करावे. मुलांच्या पारितोषिकांसाठी आपण दरवर्षी वर्गणी जमवतो; त्यांच्या मातांच्या प्राणांसाठी हात आखडता घेऊ नये, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.