तापमापकाची ओळख



बेंगळुरूच्या पश्चिमेकडील राजाजीनगर हे चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या नावाने ओळखले जाते. तेथील औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी एका कारखान्यात रुग्णालयांसाठी वाफेने निर्जंतुकीकरण करणारी पात्रे तयार होतात, अशी कल्पना करावी. पात्राचे तापमान १२१ अंश सेल्सियस दिसत आहे. प्रत्यक्षात आत ११९ अंशच आहेत. संवेदक बिघडलेला नाही आणि मापनयंत्रही निर्दोष आहे. चूक झाली आहे ती या दोहोंची परस्परांशी ओळख करून देण्यात. दोन अंशांच्या या उणिवेमुळे जंतू मरण्याचा वेग एकतृतीयांशाहून अधिक घटतो, आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावरील रुग्णाला त्याची वार्ताही नसते.

तापमान वाढले की प्लॅटिनमच्या तारेचा विद्युत् रोध वाढतो. या गुणावर तापमापक उभारण्याची कल्पना विल्यम सीमेन्स यांनी १८७१ साली मांडली. ह्यू कॅलेंडर यांनी १८८७ मध्ये तिला भरवशाचे गणिती रूप दिले, आणि मिल्टन व्हॅन ड्यूसेन यांनी १९२५ मध्ये त्या सूत्राचा विस्तार शून्याखालील तापमानापर्यंत केला. यंत्र मोजते तो केवळ रोध. त्याचे अंशांत रूपांतर करते ते हे सूत्र.

परंतु सर्व प्लॅटिनम सारखे नसते. शून्य अंशाला १०० ओहम रोध असलेली आज सर्वत्र रूढ असलेली तार १०० अंशांना १३८.५१ ओहम दाखविते. अधिक शुद्ध प्लॅटिनमची, पूर्वी जपान व अमेरिकेत प्रचलित असलेली तार सुमारे १३९.१६ ओहम दाखविते. दुसऱ्या तारेला पहिलीचे सूत्र लावले, की ११९ अंशांचे १२१ होतात. वर सांगितलेल्या पात्राचे रहस्य एवढेच.

म्हणूनच आधुनिक कॅलिब्रेशन यंत्रांत संवेदकाची स्वतंत्र नोंद करण्याची सोय असते. प्रथम नोंदीला नाव द्यावे, आणि त्या नावात संवेदकाचा अनुक्रमांक अवश्य घालावा. नंतर प्रमाणपत्रात दिलेला शून्य अंशाचा रोध भरावा. तेथे १००.०४ असताना सवयीने १०० लिहिले, तर सुमारे एक दशांश अंशाची चूक कायमची पदरी पडते. त्यानंतर सूत्राचे गुणांक भरावयाचे. त्यांपैकी तिसरा गुणांक केवळ शून्याखाली लागू पडतो. दुसरा ऋण असतो, व त्याचे चिन्ह विसरणे ही नेहमीची चूक होय. काही यंत्रे ए, बी, सी हे गुणांक मागतात, तर काही अल्फा, डेल्टा, बीटा. एका पद्धतीचे आकडे दुसरीच्या रकान्यांत जसेच्या तसे भरू नयेत. शेवटी संवेदकाची किमान व कमाल मर्यादा नोंदवावी, म्हणजे प्रमाणपत्राबाहेरचे तापमान खरे मानले जाणार नाही.

येथे काम संपत नाही. प्रमाणपत्रातील रोधांचे दोन-तीन आकडे रोधपेटीतून यंत्राला द्यावेत आणि उत्तरे प्रमाणपत्रातील तापमानांशी ताडून पाहावीत. मग संवेदक शुद्ध पाण्याच्या बर्फाचा चुरा व पाणी यांच्या मिश्रणात पुरेसा खोल बुडवावा. तेथे शून्य दिसले पाहिजे. प्रमाणपत्राची साखळी पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील मानकांपर्यंत व १ जानेवारी १९९० पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय तापमान श्रेणीपर्यंत पोहोचते. पण तिचा शेवटचा दुवा आकडे भरणाऱ्या कामगाराच्या हाती असतो.

संवेदक बदलला जातो आणि जुनी नोंद तशीच राहते, हा सर्वांत मोठा धोका होय. कारण यंत्र तक्रार करीत नाही, ते आकडा दाखवीतच राहते. तेव्हा नवा संवेदक बसविणाऱ्याने प्रथम नोंदीतील अनुक्रमांक वाचावा, तो जुळत नसेल तर पात्र चालू करू नये, एवढे सांगून हे विवेचन पुरे करणे इष्ट होईल.