मुक्कामाची गाडी
(ज्युबिलीनिमित्त केलेलें भाषण)



आज या मंडपांत किती जण एस. टी.नें आले, आणि गाडी नाहीं म्हणून किती जण घरींच राहिले? या मंगल प्रसंगीं हाच प्रश्न आम्ही आपणांपुढें ठेवूं इच्छितों.

१९४८ सालीं पुणें–अहमदनगर मार्गावर पहिली एस. टी. धांवली. पुढच्याच वर्षीं साताऱ्यापासून दक्षिण सातारा जिल्हा निराळा झाला. त्यासच १९६० पासून सांगली म्हणतात. आपले जिल्हे व एस. टी. बरोबरीनेंच वाढले. रात्रीं गांवांत मुक्कामास राहणारी व पहांटे निघणारी गाडी हेंच पुष्कळ गांवांचें घड्याळ होतें.

पुढें शहरें पसरलीं. १९९८ सालीं सांगली, मिरज व कुपवाड यांची एक महानगरपालिका झाली. २०२० सालीं शाहूपुरी, विलासपूर हे भाग साताऱ्याच्या हद्दींत आले. वस्तीबरोबर दुचाक्या वाढल्या. ऐपतदार एस. टी. सोडतो, गर्दीच्या वेळचे उतारू वडापवाले नेतात, फेरीचें उत्पन्न घटतें, आणि फेरी बंद होते. शहराच्या कोंडींत अडकलेल्या गाडीची खेड्याकडील पुढची फेरी बुडते. महामार्गावर उड्डाणपूल झाले. कित्येक गाड्या वरूनच जातात, आणि खालीं फाट्यावर म्हातारें माणूस ताटकळत राहतें. आम्हीही निर्दोष नाहीं. दारीं दुचाकी आली त्या दिवसापासून आम्ही वेळापत्रक पाहणें सोडलें.

२०२२ सालीं ७५ वर्षांवरील वृद्धांस मोफत प्रवास व २०२३ सालीं स्त्रियांस अर्धें तिकीट मिळालें. सवलत मोठीच; पण जी गाडी येतच नाहीं, तिचें अर्धें तिकीट कोणाच्या कामाचें? फेरी बंद झाली कीं प्रथम शाळा सुटते ती मुलीची. मुलगा कोणाच्याही दुचाकीवर मागें बसून जातो. मुलीस तसें पाठविण्यास आईबाप धजत नाहींत.

तर मग आपण काय करावें? ज्यांच्या घरीं वाहन आहे त्यांनीं आठवड्यांतून एक दिवस तरी एस. टी.नें जावें. ग्रामसभेंत ठराव करून, किती विद्यार्थी जातात व फेरी कोणत्या वेळीं हवी हें लिहून, तो आगार व्यवस्थापकांस द्यावा. रविवारीं मिस्सेस येतांना वस्तीवरील म्हातारीस आपल्या वाहनांत जागा द्यावी. परंतु तेवढ्यावर समाधान मानून फेरीची मागणी सोडूं नये. आपला उपकार आठवड्यांतून एकदां. तिला गाडी रोज हवी.