सभा आणि पंगत
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



सरांनी 'समाजसुधारणा' हा विषय दिला आणि मला आपल्या वसतिगृहाची पंगत आठवली.

१८८५ मध्ये न्या. रानड्यांनी जोतीराव फुल्यांना ग्रंथकार सभेचं आमंत्रण धाडलं. जोतीरावांनी पत्रानं नकार कळवला. शूद्रातिशूद्रांच्या हक्कांना ज्या सभेत जागा नाही तिच्याशी आमचं जमायचं नाही, असा त्याचा आशय. ह्याच जोतीरावांनी १८७३ सालचं 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केलं होतं. त्यांचं मूळ गाव कटगुण, आपल्या साताऱ्यातलंच.

कर्मवीर भाऊराव त्याच सत्यशोधक मुशीतले. १९१९ साली काल्याला त्यांनी 'रयत' काढली, १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचं वसतिगृह. धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं मोडलं, मंगळसूत्रसुद्धा. रानड्यांची विद्वत्ता मी मानतो, पण आम्हाला शाळेत आणलं ते ह्या चुलीनं.

मी तासगावकडचा. पहिल्या रात्री ताट घेऊन कोपऱ्यात बसलो. घरची सवय तशीच होती. शेजारच्या वाईच्या पोरानं हाताला धरून मधे ओढलं आणि न विचारता माझ्या ताटातली चटणी उचलली. तो आज समोर बसलाय, हसतोय.

काल निधीच्या बैठकीत वातानुकूलित सभागृहाचा आराखडा फिरला. वसतिगृहाचं नाव कुणी काढलं नाही. मीही नाही. रात्री झोप लागली नाही. माझी वर्गणी धान्याच्या खात्यावर लिहा, असं आज सकाळी चिटणिसांना सांगितलंय.