पदकाची मागची बाजू



मराठ्यांच्या लष्करी इतिहासातील दोन मोठे प्रसंग कोल्हापूर जिल्ह्याच्या मातीत घडले आणि दोन्हींत प्राणार्पण असले, तरी दोन्हींचा बोध एक नाही. १३ जुलै १६६० रोजी, शिवाजी महाराज विशाळगडावर पोहोचल्याची तोफ कानी पडेपर्यंत बाजीप्रभू देशपांडे यांनी त्या वाटेवरची खिंड सोडली नाही, असे परंपरा सांगते. उलट, उमराणीला पाणी तोडून कोंडीत पकडलेल्या शत्रुसेनापती बहलोलखानाला सरनोबत, म्हणजे घोडदळाचे सेनापती, प्रतापराव गुजर यांनी सोडून दिले; तोच खान पुन्हा चालून आला आणि २४ फेब्रुवारी १६७४ रोजी गडहिंग्लज तालुक्यातील नेसरीजवळ अवघ्या सहा साथीदारांसह त्याच्यावर तुटून पडताना प्रतापराव धारातीर्थी पडले. या शौर्यापुढे मस्तक नमतेच. परंतु अर्धे सोडलेले काम किती जबर किंमत मागते, हेही नेसरीच शिकवते. हाती घेतलेले काम शेवटाला न्यावे, हाच या भाषणातला एकमेव उपदेश होय.

हाच बोध पदकांच्या कथांतही दिसतो. परमवीरचक्र, महावीरचक्र आणि वीरचक्र ही रणांगणावरील शौर्याची उतरत्या क्रमाची पदके २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाली. परमवीरचक्राची रचना करणाऱ्या सावित्रीबाई खानोलकर या जन्माने युरोपीय आणि विवाहाने मराठी घरातल्या होत्या; त्यांनी कांस्याच्या वर्तुळाच्या मध्यभागी राजमुद्रा, तिच्याभोवती इंद्राच्या वज्राच्या चार प्रतिकृती आणि मागच्या बाजूला पदकाच्या नावासोबत कमळे योजली. हा सन्मान हयातीत मिळवणारे पहिले सैनिक, कारवारकडच्या चेंडिया गावचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे, हे बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे रस्ते बांधणाऱ्या व सुरुंग काढणाऱ्या दलाचे अधिकारी होते. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी मार्गावर तोफगोळ्याने जखमी झाल्यावरही रणगाड्यांना वाट मिळेपर्यंत ते सुरुंग काढत राहिले; वाट मोकळी करणे हेच त्यांचे युद्ध होते. कोल्हापूर जिल्ह्यातीलच वडगावचे लेफ्टनंट जनरल शं. पां. थोरात यांना १९४५ साली ब्रह्मदेशातील कांगावच्या लढाईतील नेतृत्वासाठी डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर मिळाली, आणि पुढे १९६० मध्ये ‘लाल किल्ला’ या युद्धसरावातून त्यांनी पूर्व सीमेवरच्या चिनी धोक्याची तपशीलवार मांडणी करून ठेवली. ती ऐकली गेली नाही, पण त्यांच्या वाट्याचे काम अपुरे राहिले नव्हते.

पदकांविषयी आणखी पुष्कळ सांगण्याचे योजले होते. परंतु व्यासपीठावरून समोर दिसणारी एन. सी. सी.ची ती कौलारू खोली प्रस्तुत वक्त्याला पुढे जाऊ देत नाही. याच मैदानावर पहाटेच्या थंडीत परेडला उभे राहताना पट्ट्याचे पितळी बक्कल ब्रासोने इतके घासलेले असे, की त्यात समोरच्याचा चेहरा दिसावा. तपासणीला येणारे उस्ताद मात्र चकाकणाऱ्या दर्शनी बाजूकडे पाहतही नसत. ते दोन बोटांनी बक्कल उलटे करीत आणि मागे हिरवट डाग राहिला असेल, तर एक शब्दही न बोलता त्या कॅडेटला रांगेबाहेर काढीत. परेडनंतरच्या मिसळीची चव आणि त्या खोलीतला बूटपॉलिशचा वास आज इतक्या वर्षांनीही जसाच्या तसा आठवतो. आणि आयुष्यभर जी काही शिस्त अंगी राहिली, ती त्या उलट्या केलेल्या बक्कलाचीच देणगी आहे, हे या संस्थेच्या ऋणाचा उच्चार करताना नमूद केलेच पाहिजे.

म्हणून विद्यार्थ्यांनी सुरू केलेली वही भरावी, उघडलेले पुस्तक संपवावे, दिलेला शब्द पाळावा आणि हाती घेतलेले काम शेवटाला न्यावे. पहिल्या रांगेत छातीवर पदके लावून बसलेल्या माजी सैनिकांना हे सांगण्याची गरज नाही, आणि मुलगा सीमेवर असताना शेताची पेरणी वेळेवर उरकून आज नातीचे बक्षीस पाहायला आलेल्या आजींना तर मुळीच नाही. त्यांच्या शेजारी ताठ बसलेल्या कॅडेट मुलींच्या पट्ट्यांवरील बक्कले दिव्यांच्या उजेडात झळकत आहेत. उद्या ती उलटून पाहणारे उस्ताद सोबत नसतील, तेव्हा त्यांनी ती स्वतःच उलटून पाहावीत, एवढीच या माजी कॅडेटची मनापासूनची विनंती आहे.

जय हिंद!